चंपतराव चालू वायर ओढतात

चंपतराव रामटेके पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, आणि तेवढ्या वर्षांत चालू लाइनीला त्यांनी एकदाही हात लावला नाही. रिटायर होऊन हुडको वसाहतीत राहायला आले तरी साधा बल्ब बदलायला आधी घराचा मेन स्विच पाडायचे. बायको सुनिताबाई अंधारात कणीक मळता मळता त्यांचा उद्धार करायच्या.

अशा माणसाकडे लेकीने एक काम मागितलं. पायल घरी बसून एका कंपनीसाठी ड्रायव्हर लिहीत होती. ड्रायव्हर म्हणजे बाहेरून जोडलेल्या यंत्राशी कसं बोलायचं हे कम्प्युटरला शिकवणारा प्रोग्राम. यंत्र म्हणजे तापमान मोजणारी एक डबी.

"बाबा, हे चालू असतांनी मधेच वायर ओढा."

"चालू असतांनी? काहून?"

"लोक ओढतातच ना! तरी कम्प्युटर अडकला नाई पाहिजे. मी ओढली तर मले आधीच मालूम रायते."

चंपतराव नाइलाजाने बसले. पण डबीवरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत ते वाट पाहत, मग "काढून राहिलो!" अशी आरोळी ठोकत आणि मगच वायर काढत. तीन दिवसांत एकही चूक सापडली नाही. पायल खूश.

चौथ्या दिवशी सुनिताबाई झाडायला आल्या. झाडूत अडकून वायर निघाली. "अवं माय!" म्हणत त्यांनी ती लगेच परत खोचली. स्क्रीन जागीच थिजली.

"शटडाउन घेतलं होतं का?" चंपतराव ओरडले. कारखान्यात लाइन बंद करून घेण्याला शटडाउन म्हणत.

पायलने मात्र आईला मिठीच मारली. "आई, यही तो चाहिए था!"

वायर निघाली की ड्रायव्हर कम्प्युटरच्या मेमरीत डबीसाठी घेतलेली जागा पुसून टाकत होता, आणि आकडे वाचणारा प्रोग्राम अजून त्याच जागेत चाचपडत होता. चंपतरावांनी हे दोनदा समजावून घेतलं.

"म्हणजे माणूस आत काम करून राहिला, अन् तू स्विच टाकला?"

"तसंच समजा."

"आमच्याकडं पाच जण कामाले लागले तं बंद स्विचले पाच कुलुपं. ज्याचं काम झालं त्यानं आपलं काढावं. शेवटचं निघत नाई तोवर लाइन चालू होत नाई."

पायलने कपाळावर हात मारून घेतला. ती जागा अजून किती जण वापरताहेत याची तशी मोजणी ठेवायची सोय तिच्याकडे होती. वाचणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप लावायचंच ती विसरली होती.

दुरुस्ती झाल्यावर चंपतरावांनी दिवा लुकलुकत असताना डोळे मिटून वायर ओढली. कम्प्युटरने 'यंत्र काढले' एवढं सांगितलं आणि तो सुरळीत चालू राहिला. मग त्यांना चेवच चढला. चहाचा घोट घेताना ओढली. "पायल, दारात कोण आलं पाय," म्हणत तिचं लक्ष उडवून ओढली. साठ वेळा ओढली, कम्प्युटर एकदाही अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्टर सहाच्या बाजारात कारखान्यातले जुने सोबती भेटले. "पुन्हा ड्यूटी लागली," चंपतराव म्हणाले.

"काय काम हाय?"

चंपतरावांनी चष्मा पुसला. "सांगून तुमाले समजणार नाई," म्हणाले, आणि भाजी घ्यायला वळले.