तायडेनं भरलेली हवा

आमची पोस्ट एकोणीस हजार फुटांवर, बर्फात होती. मी अकोल्याचा हवालदार. नर्सिंग असिस्टंट नायक तायडे अचलपूरचा. गावाकडचे लोक अजून विचारतात, "किती गोळ्या चालवल्या?" मी सांगतो, आम्ही हवा भरली, आणि ती लढाई जिंकली.

त्या सकाळी सिपाही नेगीच्या फुफ्फुसात पाणी झालं. विरळ हवेत असं होतं. ओठ निळे पडतात, माणूस बसल्या जागी बुडतो. खाली दरीत ढग दाटले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. अशा वेळी माणसाला हवाबंद बॅगेत निजवतात, चेन लावतात आणि पायपंपानं आत हवा दाबतात. आतला दाब वाढला की माणूस काही हजार फूट खाली उतरल्यासारखाच होतो.

आम्ही दोघं आळीपाळीनं पाय मारत होतो. तंबूवर ऊन होतं. बॅगेच्या प्लास्टिकच्या खिडकीतून नेगीचे ओठ लाल होताना दिसले. जिवात जीव आला.

मग ढग वर चढले, सूर्य त्यांच्याआड गेला. तंबू गारठला, बॅग सैल पडली, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली आला. नेगी पुन्हा धापा टाकू लागला.

"बॅग फाटली," मी म्हणालो. माझा हात चेनीवर गेला. त्याला पाठीवर घेऊन खाली उतरायचं, एवढंच डोक्यात होतं.

तायडेनं माझं मनगट धरलं. शिवणीवरून कान फिरवला.

"कुठंच फुसफुस नाई. भाऊ, अकोल्याचे असून इसरले का? मे महिन्यात सायकल उन्हात ठेवाची असली त आपण टायरातली हवा जराशी काहाडतो. काऊन?"

"नाई त फुटते."

"मंग हे त्याच्या उलटं. थंडीनं हवा आखडली. हाणा पाय."

मी रेडिओवर बेसच्या डॉक्टर कॅप्टनना कळवलं. "बॅग ढीली. लीक नहीं. ठंड से. ओव्हर."

"बराबर है. चेन मत खोलना. पंप तेज करो. ओव्हर."

तिथं चार पावलं चाललं तरी भोवळ येते. आम्ही दुपारभर पाय मारले. माझी पोटरी दगड झाली.

"हाणा भाऊ," तायडे म्हणाला. "रिटायर झाल्यावर परतवाड्यात पंक्चरचं दुकान टाकू."

काटा चढला. नेगीची धाप थांबली. ढग फाटले, हेलिकॉप्टर आलं आणि नेगी जिवंत खाली गेला. आम्ही दोघं बर्फात बसून येड्यासारखे हसलो. मेडल मिळालं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता.

पोस्ट सोडायच्या आठवड्यात तायडे बर्फाच्या भेगेत पडून गेला.

यंदा मी नेगीला एसटीनं अचलपूरला नेलं. तायडेच्या घरी बुद्धाच्या फोटोशेजारी त्याचा वर्दीतला फोटो आहे. त्या दुपारची गोष्ट ऐकून त्याच्या आईनं नेगीच्या छातीवर हात ठेवला.

"घे बापू, मोठा श्वास घे."

नेगीला मराठी येत नाही. तरी त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"हवा पुरी भरली," माय म्हणाली. "माह्या पोरानं काम अर्धं नाई सोडलं."