मुकुटावरचं बुजवलेलं भोक

धाकटी जाऊ मस्कतला येईपर्यंत आमच्या घरात नाण्यांतलं फक्त मलाच कळायचं. मी मदिनत सुलतान काबूसमधल्या एका भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नवरा सोहारला पोलादाच्या कारखान्यात. तो गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी परत जातो. मधल्या रिकाम्या संध्याकाळी मला मस्कतच्याच टोकाला असलेल्या सीबच्या जुन्या सूकची, म्हणजे बाजाराची, सवय लागली. तिथे चांदीचे दागिने विकणाऱ्या एका म्हाताऱ्या ओमानी दुकानदाराकडे परातभर जुनी नाणी असतात. त्यांत अधूनमधून मेक्सिकोचं एखादं निघतं, चोचीत साप धरलेल्या गरुडाचं. कधीकाळी व्यापाराच्या गलबतांतून फिरत फिरत ती इकडे आली.

त्यांत नकली फार. मी पुस्तकं वाचून शिकले. खिशातल्या काट्यावर वजन सत्तावीस ग्रॅमच्या आसपास यायला हवं, लोहचुंबकाला चिकटता कामा नये, भिंगातून अक्षरं रेखीव दिसायला हवीत. कोणी जेवायला आलं की नवरा माझा नाण्यांचा डबा उघडून दाखवायचा. "हिची नजर बघा," म्हणायचा. मला ते फार आवडायचं.

मग दिराची बदली झाली. तो बायकोला घेऊन सीबला राहायला आला. जाऊ रायगडातल्या एका लहान गावची, बारावीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी. मोठेपणाने मीच तिला सूकमध्ये घेऊन गेले, माझी मुलगीही बरोबर होती.

त्या दिवशी परातीत गरुडाचं एक सुंदर नाणं होतं. वजन बरोबर, चुंबकाला दाद नाही. मी पर्स उघडली तेवढ्यात तिने ते हातात घेतलं, अंगठ्याचं नख कडेवरून एकदा गोल फिरवलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, हे नका घेऊ. छापाचं नाहीये, ओतीव आहे. साच्याचा जोड कानशीने घासून काढलाय."

मी भिंग लावलं. कडेवर बारीक तिरके ओरखडे होते. इतकी वर्षं मी नाण्याची तोंडं बघत होते, कड मी कधी नीट बघितलीच नव्हती.

दुकानदार खो खो हसला. "टीचर, तुम्हारी सिस्टर तो उस्ताद है!" त्याने तिच्यासाठी कहवा ओतला. पहिला पेला तिला, दुसरा मला.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, काकूला मॅग्निफायर पण लागत नाही! सो कूल!" मी तिला अभ्यासाला बसवलं.

पुढचे काही महिने मी मनातून जळत होते. दुसरा शब्द नाही. मी एकटी गेले की दुकानदार विचारायचा, "सिस्टर नहीं आई?" नवऱ्याला नवीन नाणं दाखवलं की तो म्हणायचा, "तिला दाखवलंस का?" तिने केलेल्या आमटीतही मी खोड काढू लागले. ती नुसतं "बरं वहिनी" म्हणायची, आणि त्याचाही मला राग यायचा.

एका संध्याकाळी मी तिला न सांगता सूकमध्ये गेले. तिथे मला मेक्सिकोचंच, पण स्पेनच्या राजवटीतलं, स्तंभांचं नाणं दिसलं. दोन स्तंभ, मधे समुद्राच्या लाटांवर पृथ्वीचे दोन गोल, वर मुकुट. गरुडाच्या नाण्यांहून शंभरएक वर्षं जुनं. कड आधी बघितली, पानांची नक्षी शाबूत होती. घासाघीस न करता घेतलं. तिच्याशिवाय घेतलं, याचाच आनंद जास्त होता.

शुक्रवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणं झाल्यावर नाणं मुद्दाम तिच्याच हातात दिलं. तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं, मुकुटावरून बोट फिरवलं, क्षणभर थांबली. "छान आहे, वहिनी," एवढंच म्हणाली.

ते थांबणं माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत नाणं पाण्यात लटकवून घनता काढली. चांदी खरी होती. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मुकुटाच्या वर एक पुसट वर्तुळ दिसलं. त्यातली चांदी किंचित वेगळ्या पोताची, आणि वरची दोन अक्षरं नंतर कोरलेली. कोणा बाईच्या गळ्यात घालायला नाण्याला भोक पाडलं होतं, आणि पुढे कोणीतरी ते बेमालूम बुजवलं होतं. अशा नाण्याला निम्मीही किंमत येत नाही.

शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या घरी गेले.

"तुला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर कशी बोलू? आणि तुम्ही किती खुशीत होता."

"तुला एवढं कळतं तरी कसं?"

ती ओट्याला टेकली. "वडील हेच करायचे. मुंबईचे व्यापारी जुनी नाणी आणून द्यायचे. भोकं बुजवायची, साल बदलायचं, ओतीव नाण्यांच्या कडा घासायच्या. कडा घासायला मी बसायचे. सातवीत होते. इकडे कोणाला माहीत नाही, वहिनी. यांनासुद्धा नाही."

जिच्या नजरेचा मी हेवा करत होते, तिला त्या नजरेची लाज वाटत होती. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी चहा मागितला.

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांना सांगून टाकलं की नाणं दुरुस्त केलेलं आहे आणि ते हिने हातात घेताक्षणी ओळखलं होतं. "बघ," नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी हिलाच घेऊन जा." सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. तिच्या वडिलांबद्दलचं एक वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून पानं उचलायला लागले.

ते वाक्य मी कधीच बोलले नाही. वर्षभराने तिने स्वतःच दिराला सांगितलं. तो फक्त म्हणाला, "मग इतके दिवस एवढं ओझं कशाला वागवलंस?"

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. "लिहा," म्हणाली, "नावं नका घालू." काल तिने वाचलं. भोक बुजवण्याबद्दल मी आधी जे लिहिलं होतं, ते तिने एका वाक्यात दुरुस्त केलं. दुरुस्ती बरोबर होती. मला पुन्हा टोचलंच.