बाईंचा बोलण्याचा आवाज

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या लांबट खोलीत बाई गाणं शिकवायच्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं बाईच म्हणे. खालचा दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "जरा थांबा, बाईंचं होऊ द्या, मग हवा भरतो."

पुढे बाईंच्या आवाजाला काहीतरी झालं. आधी सकाळचा घसा बसायला लागला, मग वरच्या सुरावर जाताना आवाज मध्येच फाटू लागला. बाईंनी थंड सोडलं, आंबट सोडलं, गुळण्या केल्या. फरक पडेना. शिकवताना अवघड जागा आली की त्या एखाद्या मुलीला पुढे करत. मुलींना वाटे, बाई परीक्षा घेताहेत. डॉक्टरकडे मात्र त्या जाईनात. त्यांच्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी "गाणं बंद करा" म्हणून सांगितलं होतं. ते वाक्य ऐकायची बाईंची तयारी नव्हती.

शेवटी धाकट्या बहिणीने युक्ती काढली. ती नर्स होती, आणि तिच्या रुग्णालयात मुरलेल्या गायकांचे स्वरतंतू कसे चालतात याचं मोजमाप सुरू होतं.

"पेशंट म्हणून नको येऊस," ती म्हणाली, "गाणारी म्हणून ये."

बाईंना ते पटलं. निदान तसं त्यांनी दाखवलं.

मोजमापाची खोली लहान होती, भिंतींना जाड स्पंज लावलेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना बटणाएवढ्या चकत्या पट्ट्याने बसवल्या.

"घशात दोन नाजूक घड्या असतात," त्या म्हणाल्या. "आवाज काढला की त्या एकमेकींना लागतात नि सुटतात. किती वेळ चिकटून राहतात ते या चकत्यांवरून कळतं. गा आता."

बाईंनी सूर लावला. पडद्यावर लाटा उठल्या. वरच्या सुरावर आवाज चिरकला तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले.  डॉक्टरीणबाईंनी एक उतारा वाचायला दिला. बाईंनी वाचला.

"नेहमी एवढ्या जोरात बोलता?"

"हे जोरात आहे?"

मग तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून त्यांनी आत पाहिलं. पडद्यावर दोन पांढऱ्या घड्या, आणि मधोमध दोन्हींच्या कडेला किंचित फुगवटा. 

"संपलं ना माझं गाणं?" नळी बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"कोण म्हणालं? गाताना तुमच्या घड्या अगदी अलगद मिटतात, वरचा एक सूर सोडला तर. वाचताना मात्र नुसत्या दणादण आपटत होत्या. ही सूज बोलण्याने आलीय, आणि ती जाईल. घरी बोलता तरी कुणाशी?"

 उत्तर सोबत आलेल्या बहिणीने दिलं, "भाऊजींशी. त्यांना ऐकू येत नाही. मशीन घ्या म्हटलं की म्हणतात, तुम्हीच पुटपुटता."

"मग मशीन त्यांच्या कानाला लावा. गुण तुमच्या घशाला येईल."

बाहेर येऊन बाई जिन्यातच बसल्या. बहिणीला वाटलं, आता रडणार. पण त्या हसायला लागल्या आणि पदराने डोळे पुसत हसतच राहिल्या.

घरी बहिणीनेच भाऊजींना सगळं मोठ्याने सांगितलं. ते आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच शर्ट घालून दारात उभे.

"चल, कान दाखवून येऊ," ते म्हणाले. "माझ्यापायी तुझं गाणं जायची वेळ आली होती. एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"मला तरी कुठे माहीत होतं?" बाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "आणि सांगायचं तर ओरडावंच लागलं असतं."

मशीन आलं. पहिले काही दिवस ते भांड्यांच्या आवाजावर कुरकुरले, मग सरावले. बाईंनी आवाजाला विश्रांती दिली, हळू बोलायचा सराव केला. काही महिन्यांनी पुन्हा मोजायला गेल्या तेव्हा नवरा त्यांच्याबरोबर खोलीत बसला होता. फुगवटा ओसरला होता. वरचा सूर कुठेही न अडखळता लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी चकत्या सोडल्या.

"आता रोज गा," त्या म्हणाल्या.

परतताना भाजी कोणती घ्यायची यावरून नवराबायकोचं वाजलं. दोघं अगदी हळू आवाजात भांडत घरी गेली.