कानटोपीविना दहा किलोमीटर

"जावईबापू, कान! कान उघडे आहेत!"

सासूबाई तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून ओरडत होत्या, आणि पहाटेचे पावणेसहा वाजले होते. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली कुत्रीसुद्धा कान पाडून बसली. राजाजीनगरात उभा जन्म काढलेल्या या बाईंचा ठाम सिद्धांत होता, की बेंगळुरूची थंडी माणसाच्या कानातूनच आत शिरते. मी नागपूरचा, माझ्या लेखी ही थंडी म्हणजे माठातलं पाणी. पण त्यांच्यापुढे बोलायचं कोणी? निमूट वर गेलो आणि कानटोपी, मफलर, त्यांनी विणलेला स्वेटर, वर जाकीट असा खाली आलो.

याच थाटात मी तीन रविवार धावलो होतो आणि तिन्ही वेळा सहाव्या किलोमीटरला एका दगडावर बसकण मारली होती. गेल्या खेपेला तर इतका घाम गळला, की पाण्याचा टँकर शेजारी येऊन हळू झाला. ड्रायव्हरला वाटलं, धंद्यात नवा माणूस आला. आमच्या धावणाऱ्यांच्या गटाचा म्होरक्या पुणेकर. तो म्हणाला, "निघताना कुडकुडला नाहीत, तर कपडे जास्त झाले समजा. पुढच्या रविवारी दहा पूर्ण करा, नाहीतर चालणाऱ्या आजोबांच्यात जा." आजोबा मला आधीच हात करायला लागले होते.

तेव्हा आज थांबायचं नाही. मेलो तरी पळता पळता मरायचं.

बाल्कनी नजरेआड झाली तसं जाकीट शहाळेवाल्याच्या गाडीवर टाकलं. "अण्णा, स्वल्प बघा," मी मोडक्या कानडीत जरा सांभाळायला सांगितलं. "सरी," म्हणत त्याने होकारार्थी मान हलवली. मफलरही त्याच्याच गळ्यात. स्वेटर डोक्यातून काढताना दोनशे मीटर आंधळा पळालो. त्यात एक बस, दोन गाई आणि एक वरात चुकवली. पुणेकर म्हणतो, एक खांब होता, आणि तोही चुकला नाही.

शेवटी कानटोपी खिशात गेली. पातळ टीशर्टातून वारा आरपार गेला, दात वाजले, आणि पाय सुटले. सहाव्या किलोमीटरला माझा दगड आला. मी त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही.

फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या.

"दहा, आई," मी धापा टाकत म्हणालो. "न थांबता दहा."

त्यांनी हात लांब करून माझा कान चाचपला.

"गार आहे," त्या म्हणाल्या.