घट बसले, गोळ्या थांबल्या

आमच्याकडे घट बसले की पलंग भिंतीला उभा राहतो. नऊ दिवस सगळे खाली सतरंजीवर. बायका आत, पुरुष ओसरीवर. चपला घालायच्या नाहीत, दाढी करायची नाही, आणि नवरा-बायकोनं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. येरमाळ्याच्या डोंगरावर देवी आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात आमचं गाव, त्यामुळं याला कुणी फाटाही देत नाही.

मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होते. सरकारी दवाखान्यातल्या, फुकटच्या. पाकिटात तीन आठवड्यांच्या पांढऱ्या गोळ्या आणि शेवटच्या आठवड्याच्या तांबड्या. तांबड्या नुसत्या लोहाच्या. त्या चालू असताना पाळी येऊन जाते आणि त्या संपल्या की लगेच नवं पाकीट फोडायचं. यंदा माझ्या तांबड्या गोळ्या सर्वपित्रीला संपल्या. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. नवं पाकीट हातात घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. नवरा ओसरीवर, मी आत. गोळी घ्यायची ती कुणासाठी? पाकीट कपाटात ठेवून दिलं. दसऱ्याला घट उठले, पलंग आडवा झाला, त्याच दिवशी मी गोळीही सुरू केली. पुढचं काही सांगायला नको.

गोळीचं काम त्या रात्रीपुरतं असतं, असं मी धरून चालले होते. पाऊस नसेल तर छत्री कशाला उघडायची, इतका साधा हिशोब. एवढी पदवीपर्यंत शिकलेली मी, पण हे कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

कळलं ते कोजागिरी होऊन गेल्यावर. पुढचं पाकीट आणायला दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाई नेहमीसारख्या घाईत होत्या. गोळ्या वेळेवर घेतेस ना, असं त्यांनी खाली मान घालूनच विचारलं. मी म्हटलं, "घेते की. फक्त नवरात्रात बंद होत्या, तसंही आमच्याकडं पाळतात."

त्यांनी मान वर केली.

"अगं, गोळी बीज बाहेर पडू देत नाही. रोज पोटात गेली तर ते झोपलेलं राहतं. तांबड्या गोळ्यांचा आठवडा म्हणजे औषधाची सुट्टी, तेवढ्यात ते जागं होत नाही. तू ती सुट्टी लांबवलीस. आता ते जागं झालं असेल तर?" मग म्हणाल्या, "नव्यानं सुरू केल्यावर पहिला आठवडा तरी निरोध वापरायला हवा होता. निदान दसऱ्यानंतर लगेच आली असतीस तर तांबी बसवता आली असती, पाच दिवसांच्या आत तीही उपयोगी पडते. आता थांबायचं. गोळ्या चालू ठेव. पाकीट संपत आल्यावर पाळी आली तर ठीक, नाही आली तर लघवीची तपासणी करू."

थांबायचं! हा शब्द मला जन्मात कधी जमलेला नाही. एसटी लागायच्या आधी मी स्टँडवर तीन चकरा मारते. आणि यंदा तर थांबणं परवडणारंच नव्हतं. पोलीस भरतीत माझ्या वयाला बसणारी ही शेवटची संधी होती. लेक तीन वर्षांची. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मी कसंबसं पटवलं होतं. त्यांनी मोजकं सांगितलं होतं, "एकडाव कर तुझ्या मनासारखं. झाली भरती तर झाली. न्हाय तर मला नातू पायजे, मग काय बी ऐकायची न्हाय." पोटात बाळ असेल तर मैदानावर धावायला कोण उभं करणार? मैदान गेलं की सगळंच गेलं.

मी पहाटे हमरस्त्याच्या कडेनं पळायला जायचे. त्या दिवसांत पळणं म्हणजे पळणं राहिलं नाही. पाय रस्त्यावर आणि सगळं लक्ष ओटीपोटात. जरा कळ आल्यासारखं वाटलं की थांबायचं, काही नाही म्हणून पुन्हा पळायचं. घरी आल्यावर भांडी दोनदा घासायची. स्वयंपाकात मीठ दोनदा पडायचं. लेक मांडीवर येऊन बसली की तिच्या केसांचा वास घेताना डोळे भरून यायचे, कारण हिच्यासारखंच दुसरं कुणी असेल आणि मी ते नको म्हणतेय, हे मला आवडत नव्हतं. पण नको होतं. आत्ता नको होतं. हे मी देवीसमोरही बोलले असते.

नवऱ्याला सांगितलं तर तो चहाचा कप तसाच धरून बसला. तो येरमाळा-कळंब काळीपिवळी जीप चालवतो, सगळा रस्ता त्याला ओळखतो, हीच त्याची अडचण.

"मी म्हणलं व्हतं, गोळ्यांच्या भानगडीत नको पडू," तो म्हणाला.

"मग निरोध आणायचा व्हता तुम्ही."

"कुठून आणू? इथल्या मेडिकलवाल्याची पोरं माझ्याच गाडीत शाळेला जातात. कळंबला गेलो तर तिथं पाव्हणा उभा."

"मग लेकरं हून द्या, दुकानदारापुढं तुम्हाला लाज वाटू नये म्हणून!"

मी इतकी चिडले होते की तो कप तसाच ठेवून गाडीकडं गेला. रात्री मात्र उशीखाली निरोधचं पाकीट होतं. थेट बार्शीहून आणलेलं. आता त्याचा काय उपयोग, असं मला ओरडावंसं वाटलं. पण बिचारा बार्शीला जाऊन आला होता.

थोरल्या जाऊबाईंना न सांगताच कळलं. त्यांच्या दोन लेकरांनंतर नळ्या बांधून झालेल्या, म्हणजे बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज यांची गाठच पडायची वाट बंद. त्यामुळं त्या या विषयात निवांत. "माझं बघ, एकदा चिरलं अन् मोकळी झाले," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पपई खा गं. अन् जोरात पळ." मी पपई खाल्ली नाही. पण जोरात पळाले, आणि त्यासाठी पळतेय की मैदानासाठी, ते मलाच कळेना.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला पांढऱ्या गोळ्या संपल्या. करंज्या तळताना मी दर थोड्या वेळानं, पाळी आली का बघायला, संडासात जाऊन येत होते. "जुलाब लागले का?" आत्याबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ओवा चावायला दिला, तो मी मुकाट चावला. पाडवा गेला, भाऊबीज गेली. काही नाही.

भाऊबीजेला आलेल्या नणंदेला घेऊन दुसऱ्या दिवशी सगळे देवीला निघालो. काळीपिवळीत आत्याबाई माझ्या शेजारी, मांडीवर खणानारळाची पिशवी. "आज देवीला नातवाचं साकडं घालते," त्या नणंदेला म्हणाल्या. मला ऐकू जावं एवढ्या आवाजात. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या मनात देवीला उलटं साकडं चाललं होतं. एकाच गाडीत दोघी, दोघींची मागणी उलटी, आणि देवी एकच.

पायथ्याला उतरलो. लेकीला नवऱ्यानं खांद्यावर घेतलं. मी पायऱ्या चढायला लागले, आणि चारपाच पायऱ्या झाल्या नसतील तोच ओटीपोटातून ओळखीची कळ गेली. मी तशीच उलटी वळले. दुकानांच्या मागच्या संडासात गेले. आणि तिथं, त्या घाण वासात, कडी लावून मी तोंडावर पदर दाबून रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

बाहेर आले तर आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं.

"आजच व्हायचं व्हतं का? पायथ्याला येऊन?" त्यांनी कपाळाला हात लावला. "बस आता हितंच, चपला राखत. वर येऊ नको."

मी चपलांच्या ढिगाजवळ बसले. मला देवीनं दिलं होतं, आणि तिला हात जोडायला वर जायची बंदी तेवढी मला एकटीला होती. राग आला. खरंच आला. पण तो हसण्यातून बाहेर पडला, थांबेचना.

"हसायलीस काय?" आत्याबाई म्हणाल्या.

मग मी सगळं सांगून टाकलं. घट, कपाटात ठेवलेलं पाकीट, डॉक्टरीणबाई, पळणं, संडासाच्या चकरा. त्या उन्हात उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हणजे देवीचं पाळलं म्हणून तू घोळात आलीस?"

"व्हय."

"अन् मला ओवा चावून दाखवलास."

"व्हय, आत्याबाई."

त्यांनी पिशवीतला नारळ उगाचच चाचपला. वरून नणंद हाका मारत होती. "आता म्या वर जाऊन काय मागू?" त्या म्हणाल्या. विचारत होत्या की चिडल्या होत्या, कळलं नाही.

"माझी भरती मागा," मी म्हटलं. "मला तर वर येता येत न्हाय."

त्या पायऱ्या चढू लागल्या. खाली आल्यावर अंगारा लांबूनच पदरात टाकला. वर काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पाळी सरत आली तशी मी तांबी बसवून घ्यायला निघाले. ती गर्भाशयात बसते, पुरुषाच्या बीजाला पुढं जाऊ देत नाही, आणि घट बसोत की उठोत, तिला रोजची आठवण लागत नाही. घरात मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. दारात काळीपिवळी उभी होती. आत बघते तर आत्याबाई माझ्या लेकीला मांडीवर घेऊन आधीच बसल्या होत्या.

"चल लवकर," त्या म्हणाल्या. "तुला दुपारून पळायचं असंल."