दारावरचा बल्ब आणि लोणच्याची बरणी

माहेरच्या दारावरचा बल्ब कधी टिकायचाच नाही. माहेर जत तालुक्यातल्या माळावर, मी सासरी सांगलीत. फोनवर आईचा आवाज पडलेला आला की मी ओळखायचे, बल्ब उडाला.

एवढ्याशा बल्बाला इतकं महत्त्व का, तर वडिलांमुळे. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन कृष्णाकाठी जातात, खतासाठी लोकांच्या रानांत ती बसवतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. ते निघाले की आई दारावर दिवा लावते. तो रात्रंदिवस चालू. परत आल्यावर त्यांनीच तो आपल्या हातानं मालवायचा, ही कंदिलापासूनची आमच्या घरची रीत. मध्येच बदललेला दिवा मात्र त्यांनी मालवायचा नाही, तो आईच बंद करते. लाईट गेली तर तिला काही वाटत नाही, ती गावच्या डीपीची, ट्रान्सफॉर्मरची भानगड. पण बल्बच उडाला की तिला तो वडिलांच्या जिवाला अपशकुन वाटतो. मग वडिलांचा आवाज ऐकेपर्यंत ती घास तोंडात घालत नाही. त्यांचा मोबाईल निम्मा वेळ बंद, रानात चार्जिंग कुठलं? आणि आईला शुगर. गोळी घेते आणि उपाशी बसते. गेल्या हिवाळ्यात अशीच चुलीपुढं चक्कर येऊन पडली. शेजारणीनं तोंडात साखर घातली म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी त्या बल्बाच्या हात धुऊन मागं लागले. सांगलीतल्या दुकानदाराशी भांडले. त्यानं निमूट दुसरा दिला, तोही उडाला. भारीतला नेला, त्यानंही तोच मार्ग धरला. मी कंपन्यांना नावं ठेवली, व्होल्टेजला ठेवली. तसलाच बल्ब आमच्या चुलीवर धुरानं काळा होऊनही मजेत चालू होता, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

यंदा वडील निघाले त्या दिवशी मी माहेरीच होते. संध्याकाळी पडवीत दारावरच्या दिव्यावरचे किडे पुसायला स्टुलावर चढले आणि चटका बसून हात मागं घेतला. बल्बाचा नव्हे, बरणीचा. लोणच्याची एक काचेची बरणी आईनं बल्बावर चढवून तारेनं बांधली होती आणि तोंडाशी चिंधी कोंबली होती. लहानपणापासून बघत आले होते, त्यामुळं मला ती दिसतच नव्हती.

"आई, ही बरणी कशाला गं?"

"माळाला वारं लय हाय. दिवा उघडा ठेवत्यात व्हय?"

कंदिलाला काच, तशी बल्बाला बरणी.

"अगं, वाऱ्यानं हा विझत न्हाई. ह्याला उलट वारं पायजे. आत कोंडून, तापून मरतोय त्यो."

आईनं वर बरणीकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे मीच मारत हुते व्हय त्याला?"

मला फार वाईट वाटलं. "तू न्हाईस, बरणी," म्हणाले आणि बरणी उतरवून घरात नेली. त्यानंतर वारा सुटून बल्ब हलायला लागला की आई हातातलं टाकून पडवीत यायची. मी सांगलीला परतल्यावरही हेच चाललं असणार.

बल्ब टिकला. थंडी सरली, ऊन तापलं, वळवाचे ढग दिसायला लागले आणि वडील परतले. मी मुद्दाम गेले होते. आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि वर बोट दाखवलं.

"तुमी गेलासा त्या दिसाचाच हाय, बरं का."

वडील मान वर करून बघत राहिले. मग आत येऊन बटणांच्या बोर्डापाशी उभे राहिले. एक दाबलं, पंखा फिरला. दुसरं दाबलं, चुलीवरचा बल्ब गेला.

"अगं, त्याचं बटण कंचं?"

घरात वीज आल्यापासून हा दिवा मालवायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. आईनं त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं.

पडवीत अंधार झाला. "चला, जेवू," आई म्हणाली आणि स्वतःचं ताट आधी वाढून घेतलं.