अडली आणि अडवली

टीव्हीवर माझ्याबद्दल जे दाखवलं ते साफ खोटं हाय. खरं काय ते मीच लिहितो.

शहराबाहेरच्या नव्या प्राणिसंग्रहालयात परदेशातून झेब्र्यांची जोडी येणार होती. टीव्हीवर रोज त्याच्यावरच भांडणं. एक म्हणे, सरकारी पैसा उधळला, जनावराला कूलर कशाला? दुसरा म्हणे, जिल्ह्याची शान वाढली. मला त्याचं घेणंदेणं नव्हतं. माझी देवणी जातीची गाय दिवस भरून बसली होती, सारं ध्यान तिच्याकडं.

नेमकी झेब्रे यायच्या दिवशी ती अडली. सकाळपासून कळा देऊन राहिली, पण वासराचा एक खूर दिसायचा, वासरू पुढं सरकायचंच न्हाई. रेंज चौकातच मिळते, म्हणून पळत जाऊन गुरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"बाबा, मी झेब्र्यांच्या ड्युटीवर हाय. साहेबांनी तीन तालुक्यांचे डॉक्टर बोलावलेत."

"दोन झेब्र्यांना इतके डॉक्टर? लई आजारी हायत का?"

"न्हाई हो. स्वागताला."

माझं डोस्कं सटकलं. भर चौकात ओरडलो, "तुमच्या झेब्र्यांपायी माझी गाय अडली!" पानटपरीवाल्यानं त्याचा व्हिडिओ काढला, ते मला काय ठाऊक.

घरी येऊन हाताला तेल लावलं. मी आणि म्हातारीनं वासरू ओढून काढलं. कालवड होती. मेलेली. गाय जी बसली ती उठंना.

दुपारी लातूरहून जावयाचा फोन. "मामा, काय करून बसलात? टीव्हीवर पट्टी पळून राहिली, 'म्हाताऱ्यानं झेब्र्यांच्या ताफ्यापुढं गाय अडवली!'"

अडली आणि अडवली यातला फरक न कळणारी माणसं बातम्या देतात! गोठ्यात काय चाललंय ते यांनी कधी पाहिलंय का?

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांची गाडी दारात. माइकवाली पोरगी म्हणाली, "आजोबा, गाय जरा रस्त्यावर आणा. काल कशी आडवी लावली ते दाखवू."

"बाई, ती बाळंतपणात अडली होती. वासरू मेलं. ती उठत न्हाई."

पोरीनं गोठ्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मग झेब्र्यांमुळं वासरू मेलं, एवढं बोला."

"का बोलू? त्या मुक्या जिवांनी डॉक्टर मागितले होते का? ज्यानं सगळ्यांना हार घेऊन उभं केलं, त्याला विचारा!"

"थोडक्यात सांगा ना, आजोबा."

"थोडक्यातच सांगितलं होतं काल!"

तेवढ्यात डॉक्टर आला. टीव्हीची गाडी आली हे ऐकूनच आला असणार. गाईला सलाईन लावलं आणि माझ्या कानाशी लागला, "बाबा, माझं नाव घेऊ नका. मला सोडलंच न्हाई."

"ठाऊक हाय. आधी हिला उठवा."

बाटली धरायला माणूस नव्हता. मी कॅमेरावाल्याला म्हणालो, "ठेव ते यंत्र, धर ही." त्यानं मुकाट धरली. डॉक्टरनं आणि मी दोन्ही बाजूंनी खांदा लावला. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा गाय उभी राहिली, पाय लटलटत होते, पण उभी राहिली. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

माइकवाली धावत आली. "अरे, हे तर शूट करायचं राहिलंच! आजोबा, तिला परत एकदा खाली बसवता का?"

मी काठी उचलली. गाईवर न्हाई.